बँकॉकमधला पहिला दिवस उन्हाच्या घड्याळाप्रमाणे कसा आखावा

मुंबईहून रात्री निघालेले विमान पहाटे बँकॉकला उतरते. घड्याळ दीड तास पुढे करावे लागते, झोप धड झालेली नसते, हॉटेलची खोली सहसा दुपारी दोनच्या आत मिळत नाही आणि विमानतळाच्या काचेच्या दाराबाहेर पाऊल टाकताच मुंबईच्या मे महिन्यासारखा घामट उकाडा अंगाला चिकटतो. नेमक्या याच अवस्थेत पुष्कळ प्रवासी थेट ग्रँड पॅलेस, म्हणजे इथला जुना राजवाडा, गाठतात. माझ्या पहिल्या खेपेला मीही तेच केले. सोबत आई होती, वेळ दुपारी साडेबाराची होती आणि तिकीट काढून आत गेल्यावर दहाव्या मिनिटाला तिला भोवळ आली. उरलेला दिवस आम्ही खोलीत, पडदे ओढून, तिला मीठ-साखरेचे पाणी पाजत काढला.

त्यानंतर प्रत्येक खेपेला पहिला दिवस मी उन्हाकडे पाहून आखते. सकाळी सावली असलेले एखादे मंदिर आणि नदी, दुपारी फक्त छपराखालच्या जागा, आणि ऊन उतरल्यावर रस्ते व बाजार. ग्रँड पॅलेस पहिल्या दिवशी अजिबात नाही. हा क्रम प्रथमच जाणाऱ्यांना पायरीपायरीने वापरता यावा, यासाठी तो इथे सविस्तर लिहीत आहे.

निघण्यापूर्वी घरी बसून करायची कामे

थायलंडमध्ये प्रवेश करण्यासाठी १ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र भरणे सक्तीचे झाले आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते थायलंडच्या इमिग्रेशन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचे असते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारे संकेतस्थळ समोर आले, तर ते दलालाचे आहे असे समजून बंद करावे. भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे ओळखीच्या माणसाच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर न जाता तिकीट काढताना थाई दूतावासाची सूचना स्वतः वाचावी. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण कागदावर छापून जवळ ठेवावे.

दुसरे काम बँकेच्या ॲपमध्ये करायचे आहे. आपल्या कार्डावर परदेशातील व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय, या दोन्ही गोष्टी सुरू करून ठेवाव्यात. बँकॉकच्या मेट्रोच्या निळ्या मार्गावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट फाटकावर टेकवून आत जाता येते, तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. मात्र एका कार्डावर एकच माणूस जाऊ शकतो, म्हणून नवरा-बायको दोघे असतील तर दोन कार्डे हवीत. यूपीआयवर विसंबून राहू नये. फेरीवाले, नावा आणि छोटी खाणावळ यांच्यासाठी रोख बाथ लागतात. हिशेबासाठी एक बाथ म्हणजे अडीच ते तीन रुपये धरावेत.

कपड्यांचा विचार मंदिरांच्या नियमांपासून सुरू करावा. खांदे आणि गुडघे झाकणारा सैल सुती सदरा, पातळ सुती पायजमा किंवा लांब घागरा, आणि चटकन काढता-घालता येणारी चप्पल हा सर्वांत सोयीचा वेश आहे. जीन्स त्या हवेत घामाने ओली होऊन दिवसभर वाळत नाही. पिशवीत छत्री, एक पंचा, मीठ-साखरेच्या पुड्या आणि एक पातळ शाल असावी. शालीचे नवल वाटेल, पण बँकॉकचे मॉल आणि गाड्या इतक्या थंड असतात, की घामेजल्या अंगाने आत शिरल्यावर पाच मिनिटांत हुडहुडी भरते. ई-सिगारेट मात्र कोणीही सोबत नेऊ नये, कारण थायलंडमध्ये तिच्यावर बंदी आहे.

हॉटेल निवडताना तलाव आणि न्याहारी पाहण्याआधी मेट्रोचे स्थानक किती पावलांवर आहे ते पाहावे. पहिल्यांदा जाणाऱ्याने निळ्या मार्गावरच्या सुखुमवित, सिलोम, हुआ लाम्फोंग किंवा साम योत या स्थानकांच्या आसपास राहावे, असे माझे मत आहे. खाली सांगितलेला जवळजवळ सगळा दिवस याच एका मार्गावर पार पडतो.

विमानतळावरून शहरात

विमानतळाचे नाव सुवर्णभूमी आहे आणि थाई लोक त्याचा उच्चार ‘सुवन्नफूम’ असा करतात. हा फरक आधीच ध्यानात ठेवावा, कारण थाई भाषेत संस्कृत आणि पालीतून गेलेले शब्द पावलोपावली भेटतात. स्थानकाला ते ‘सथानी’ म्हणतात, नगराला ‘नखोन’, आहाराला ‘आहान’. बँकॉक हे नाव परदेशी लोक वापरतात. थाई माणूस आपल्या राजधानीला ‘क्रुंग थेप’ म्हणतो, म्हणजे देवांची नगरी. तिच्या लांबलचक औपचारिक नावात तर अयोध्या, नवरत्न, राजधानी, महास्थान आणि विश्वकर्मा हे सगळे शब्द थाई उच्चारात दडलेले आहेत. समुद्रमंथनाचे भव्य शिल्पही याच विमानतळावर आहे, पण ते प्रस्थानाच्या बाजूला असल्यामुळे परतीच्या वेळी दिसते.

सामान घेऊन बाहेर आल्यावर आपण दुसऱ्या मजल्यावर असतो. येथे लगेच सर्व पैसे बदलून घेऊ नयेत. सरकत्या जिन्याने तळघरात उतरावे. तिथे रेल्वेच्या प्रवेशाजवळ असलेल्या पैसे बदलणाऱ्यांच्या खिडक्यांवर वरच्या मजल्यापेक्षा चांगला भाव मिळतो. एटीएममधून पैसे काढल्यास प्रत्येक वेळी २०० बाथपेक्षा जास्त शुल्क लागते, म्हणून काढायचेच असतील तर एकदाच काढावेत. यंत्राने ‘रुपयांत हिशेब करू का’ असे विचारले, तर नकार द्यावा. त्या सोयीच्या मोबदल्यात मिळणारा भाव आपल्या बँकेच्या भावापेक्षा वाईट असतो.

शहरात जाण्यासाठी एअरपोर्ट रेल लिंक ही गाडी तळघरातूनच सुटते. फाया थाई या शेवटच्या स्थानकापर्यंत ती साधारण अर्ध्या तासात पोहोचते आणि भाडे अंतरानुसार १५ ते ४५ बाथ असते. निळ्या मार्गावर जायचे असल्यास वाटेत मक्कासान येथे उतरून पादचारी पुलाने फेच्चाबुरी या मेट्रो स्थानकात जावे. रस्त्याच्या वरून, खांबांवर धावणाऱ्या स्कायट्रेनने जायचे असेल, तर फाया थाईपर्यंत बसून राहावे. एक अडचण मात्र आहे. सकाळी सात ते नऊ या वेळेत ही गाडी नोकरदारांनी भरून येते आणि मोठ्या बॅगा घेऊन त्यात शिरणे स्वतःला आणि इतरांनाही त्रासाचे होते. अशा वेळी घाई न करता विमानतळाच्या पहिल्या मजल्यावरचे, तिथले कर्मचारी जेवतात ते फूड कोर्ट शोधावे, फळे किंवा भात खाऊन घ्यावा आणि गर्दी ओसरल्यावर निघावे.

तीन-चार माणसे असतील किंवा सोबत वृद्ध असतील, तर टॅक्सी बरी. ती पहिल्या मजल्यावरच्या यंत्रातून चिठ्ठी घेऊनच करावी. मीटरवरच्या रकमेखेरीज विमानतळाचे ५० बाथ आणि द्रुतगती मार्गाचा टोल वेगळा द्यावा लागतो. हा अधिभार अधिकृत आहे, त्यामुळे चालकाने तो मागितल्यावर वाद घालू नये. चालकाने मीटर टाकायलाच नकार दिला, तर शांतपणे उतरून दुसरी चिठ्ठी घ्यावी.

हॉटेलवर खोली तयार नसली तरी सामान ठेवून घेतात. स्वच्छतागृहात तोंड-हात-पाय धुऊन कपडे बदलावेत, अर्धा लिटर पाणी पिऊन बाटली पुन्हा भरून घ्यावी आणि पिशवीत पासपोर्टाची छायाप्रत व हॉटेलचे थाई लिपीतले कार्ड ठेवावे. ते कार्ड रात्री टॅक्सीचालकाला दाखवायला उपयोगी पडते. नळाचे पाणी पिऊ नये, बाटलीबंद पाणी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते.

सकाळ: वात फो

‘वात’ म्हणजे मंदिर किंवा विहार. निळ्या मार्गाने सनाम चाय स्थानकावर उतरावे. हे स्थानक २०१९ मध्ये सुरू झाले. त्याचे खांब, छत आणि सोनेरी नक्षी जुन्या राजदरबाराच्या धर्तीवर घडवली आहे, त्यामुळे बाहेर पडण्याआधी दोन मिनिटे थांबून वर पाहावे. तिथून वात फो पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे.

ग्रँड पॅलेस शेजारीच असताना पहिल्या सकाळी वात फो का निवडावे, याला कारण आहे. राजवाड्याची प्रांगणे मोठी आहेत, सावली कमी आहे, गर्दी प्रचंड असते, प्रवेश दुपारी साडेतीनला बंद होतो आणि परदेशी माणसाचे तिकीट ५०० बाथ आहे. रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी ते पाहणे म्हणजे पैसे आणि राजवाडा दोन्ही वाया घालवणे. वात फोमध्ये झाडे आहेत, छपराखालच्या ओवऱ्या आहेत, बसायला ओटे आहेत आणि ते संध्याकाळपर्यंत उघडे असते. त्याचे तिकीट ३०० बाथ आहे.

या विहाराच्या औपचारिक नावातला ‘चेतुफोन’ हा शब्द ‘जेतवन’ या बुद्धकाळातल्या विहाराच्या नावाचे थाई रूप आहे. आत पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. दालन मूर्तीच्या मानाने अरुंद असल्यामुळे ती एका दृष्टिक्षेपात मावत नाही. खांबांच्या मधून आधी चेहरा, मग कोपर, मग सोन्याच्या लाटेसारखे अंग असे क्रमाक्रमाने दिसत जाते. शेवटी पावलांशी पोहोचल्यावर थांबावे. तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हे जडवली आहेत आणि जवळ वाकून पाहिले तर हत्ती, फुले, कलश अशा आकृती एकेका चौकटीत वेगळ्या दिसू लागतात. मूर्तीच्या पाठीमागच्या भिंतीशी १०८ काशाच्या वाट्या ओळीने मांडलेल्या असतात. भाविक त्यांत एकेक नाणे टाकत पुढे जातात आणि तो टणत्कार संपूर्ण दालनात पावसाच्या थेंबांसारखा चालू राहतो. छायाचित्रे काढून झाल्यावर मोबाइल पिशवीत ठेवून हा आवाज ऐकावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दालनात जाताना चप्पल काढावी लागते. बसताना पाय मूर्तीच्या दिशेने करू नयेत, ही रीत आपल्याला परकी नाही. भिक्षूंना स्त्रियांनी स्पर्श करू नये आणि गर्दीत त्यांना वाट द्यावी. पारंपरिक थाई मालिशचे शिक्षण देणारी जुनी शाळा याच आवारात आहे. विमानात आखडलेल्या पाठीसाठी इथे अर्धा तास मालिश करून घेणे हा खर्च मी कधीच टाळत नाही. अकरा वाजेपर्यंत मात्र येथून निघावे.

‘आज बंद आहे’ असे सांगणारा माणूस

या परिसरात एखादा नीटनेटका, गोड बोलणारा माणूस जवळ येईल आणि राजवाडा किंवा मंदिर आज पूजेसाठी बंद आहे, तोवर वीस बाथमध्ये टुकटुकने, म्हणजे तिथल्या तीनचाकी रिक्षाने, दुसरी मंदिरे दाखवतो, असे सांगेल. ही इथली अनेक वर्षे चालत आलेली फसवणूक आहे. ती फेरी शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात संपते आणि तिथे हलक्या दर्जाचे खडे मोठ्या किमतीला गळ्यात मारले जातात. आम्हालाही असा माणूस भेटला होता आणि तो आमच्या मुंबईची, गणपतीची इतक्या आपुलकीने चौकशी करत होता, की संशय घेणे अपराधासारखे वाटले. उपाय सोपा आहे. हसून हात जोडावेत, थांबू नये आणि प्रत्यक्ष तिकीट खिडकीपर्यंत चालत जावे. बंद असेल तर ते खिडकीवरच कळेल. खरोखर अडचण आली, तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे आणि रुग्णवाहिकेचा १६६९.

नदी ओलांडणे

वात फोच्या मागच्या अंगाला था तियन हा धक्का आहे. ‘था’ म्हणजे धक्का. येथून पाच बाथमध्ये समोरच्या काठावर नेणारी नाव सुटते. चाओ फ्राया नदीचे पाणी गढूळ असते, त्यावर जलपर्णीचे पुंजके तरंगत असतात आणि मध्यावर आल्यावर त्या दिवसाची पहिली बरी झुळूक अंगावर येते.

समोरच्या काठावर वात अरुण आहे. नाव आपल्या अरुणाचेच, सूर्याच्या सारथ्याचे. मुख्य शिखर दुरून करड्या दगडाचे वाटते, पण जवळ गेल्यावर ते चिनी मातीच्या बशा-वाट्यांच्या रंगीत तुकड्यांनी मढवलेले दिसते. पाकळ्या, पाने आणि फुले अशा तुकड्यांतून रचलेली आहेत. उपोसथगृहाच्या, म्हणजे भिक्षूंच्या विधींच्या दालनाच्या, दाराशी दोन उंच राक्षस पहारा देतात. हिरवा आहे तो ‘थोत्सकान’, म्हणजे दशकंठ, आपला रावण. पांढरा तो ‘सहात्सदेचा’, म्हणजे सहस्रतेज. थाई रामायणाला ‘रामकियन’ म्हणतात. त्यातला रावण देवळाच्या दाराशी रखवालदार म्हणून उभा राहिलेला पाहताना मराठी माणूस क्षणभर थबकतोच.

येथे पायऱ्या उघड्या उन्हात आहेत. म्हणून सकाळी अंगात त्राण नसेल, तर फक्त नदी ओलांडून परत यावे आणि मंदिर संध्याकाळसाठी ठेवावे.

नदीने लांब जायचे असेल, तर नारिंगी झेंड्याची नाव घ्यावी. तिचे भाडे कुठेही उतरले तरी १६ बाथ असते आणि ते नावेतच देता येते. वाहक बाई हातातली पत्र्याची लांबट नळी खुळखुळवत येते, त्याच नळीतून तिकिटाचा कपटा फाडून देते आणि तिच्यातच नाणी टाकते. धक्क्यावर निळ्या झेंड्याच्या पर्यटक नावेची महागडी तिकिटे आग्रहाने विकली जातात. ती नाव वाईट नाही, पण नारिंगी नाव त्याच नदीतून जाते.

दुपार: छपराखाली

साडेअकरा ते साडेतीन या वेळेत बाहेर काहीही पाहायचे नाही, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. एप्रिल सर्वांत तप्त, पण थंडीच्या म्हणवल्या जाणाऱ्या डिसेंबरातही दुपारचे ऊन सोसत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होण्याची नैसर्गिक सोयच बंद पडते आणि तहान लागण्याआधीच शरीरातले पाणी व मीठ कमी झालेले असते. दर अर्ध्या तासाला चार घोट पाणी प्यावे आणि दिवसातून दोन वेळा मीठ-साखरेची पुडी घ्यावी. डोके दुखू लागले, मळमळले किंवा पायात पेटके आले, तर ‘अजून एक ठिकाण’ म्हणू नये. जवळच्या थंड दुकानात शिरून बसावे आणि पंचा ओला करून मानेवर ठेवावा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात आहे. तेव्हा घरगुती उपाय करत न बसता १६६९ ला फोन करावा.

जेवून हॉटेलवर परतावे, आंघोळ करावी आणि दीड तास झोपावे. ही झोप म्हणजे आळस नाही, संध्याकाळची तयारी आहे. गजर लावूनच झोपावे.

जेवणाचा प्रश्न

मांसाहारी प्रवाशाला या शहरात काही सांगायची गरज नाही. शाकाहारी माणसाची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे केवळ ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. भाजीच्या परतणीत माशाचा रस असतो, त्याला ‘नाम प्ला’ म्हणतात. लाल-हिरव्या करीच्या वाटणात सुकवलेल्या कोळंबीचा ‘कपी’ असतो. कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’ या कोशिंबिरीत सुकी कोळंबी कुटलेली असते. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या दृष्टीने हे पदार्थ मिठासारखे आहेत, त्यामुळे ती प्रामाणिकपणे ‘यात मांस नाही’ असेच सांगते.

यासाठी दोन शब्द पाठ करावेत. पहिला ‘मांगसविरत’. हा शब्द ऐकताच ‘मांस’ आणि ‘विरती’ ओळखू येतात. याचा अर्थ शाकाहार, पण त्यात अंडे चालते असे बहुधा गृहीत धरतात. दुसरा आणि अधिक भरवशाचा शब्द ‘जे’. हा चिनी बौद्ध परंपरेतला कडक आहार आहे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध यांच्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतात, त्यामुळे जैन प्रवाशांनाही तो बराच सोयीचा पडतो. ‘जे’ खाणावळीवर पिवळा झेंडा असतो आणि त्यावर इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखे दिसणारे लाल थाई अक्षर असते. ते अक्षर मोबाइलमध्ये साठवून ठेवावे आणि दाखवावे. साध्या खाणावळीत ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचा रस घालू नका, एवढे म्हणावे. पुरुषाने वाक्याच्या शेवटी ‘ख्रप’ आणि स्त्रीने ‘खा’ जोडले, की बोलणे आदराचे होते. ‘माय फेत’ म्हणजे तिखट नको. कोल्हापुरी जिभेनेही पहिल्या दिवशी हे म्हणावे, कारण तिथली बारीक मिरची वेगळीच आहे.

पहिल्या दुपारी पोट सांभाळायचे असेल, तर साम योत स्थानकाजवळचा फाहुरात हा भारतीय वस्तीचा भाग उत्तम. कापडाच्या दुकानांच्या मधोमध सोनेरी घुमटाचा श्री गुरु सिंग सभा गुरुद्वारा आहे आणि आसपासच्या गल्ल्यांत डाळ-भात-पोळी, मिठाई, चहा सहज मिळतो. वात फोपासून ते एकाच स्थानकाच्या अंतरावर आहे.

रस्त्यावरच्या फळांच्या गाड्या मात्र सर्वांसाठी आहेत. काचेच्या पेटीत बर्फावर अननस, पेरू, आंबा, कलिंगड मांडलेले असते. विक्रेता फळ निवडू देतो, सुरीने चटचट तुकडे करून पिशवीत टाकतो, वर बांबूची काडी खोचतो आणि एक छोटी पुडी देतो. पुडीत मीठ, मिरची आणि साखर असते. साखरेचा भाग सोडला तर शाळेबाहेरच्या पेरूची चव तीच. फळ डोळ्यांसमोर कापलेले असावे, एवढे पाहावे.

संध्याकाळ: फुले, मग याओवारात

साडेचारच्या सुमारास पुन्हा सनाम चायला यावे. सकाळी वात अरुण राहिले असेल, तर आधी नदी ओलांडून ते पाहावे. त्याचे तिकीट २०० बाथ आहे. मंदिर पश्चिम काठावर असल्यामुळे सूर्यास्ताचे दृश्य मात्र परत येऊन था तियनच्या बाजूने पाहायचे असते. मावळतीच्या तांबूस आकाशावर शिखराची काळी आकृती उमटते आणि थोड्या वेळाने त्यावर दिवे लागतात.

बरोबर सहा वाजता आपण स्थानकात किंवा बागेत असलो, तर ध्वनिक्षेपकावरून राष्ट्रगीत सुरू होईल आणि चालणारी माणसे जागच्या जागी उभी राहतील. आपणही उभे राहावे. सकाळी आठलाही हेच होते. राजा आणि राजघराण्याविषयी टीका किंवा थट्टा कुठेही, कोणत्याही भाषेत करू नये. तिथे तो गंभीर गुन्हा आहे.

सनाम चाय स्थानकाजवळच पाक ख्लोंग तलात हा फुलांचा बाजार आहे आणि तो रात्रंदिवस चालू असतो. दादरच्या फुलबाजारात सकाळी गेलेल्या माणसाला इथला वास ओळखीचा वाटेल. झेंडूच्या राशी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठासून भरलेल्या असतात. मला इथे सर्वांत आवडते ते हार गुंफणाऱ्या बायकांशेजारी उभे राहणे. मोगऱ्याच्या कळ्या लांब सुईत एकीला एक चिकटून ओवल्या जातात, मध्ये रुईची पांढरी-जांभळी फुले येतात आणि खाली गुलाबाच्या पाकळ्यांचा गोंडा. रुईची पाने आपण मारुतीला वाहतो, इथे रुईची फुले बुद्धाला जातात. पलीकडे कोणी कमळाच्या मिटलेल्या कळीची एकेक पाकळी आत दुमडत असते. सात-आठ पाकळ्या दुमडल्या, की हिरवट कळीचे गुलाबाएवढे टपोरे फूल होते. एक छोटा हार विकत घ्यावा, पण त्याचा वास घेऊ नये, कारण तो देवासाठी असतो.

अंधार पडल्यावर निळ्या मार्गाने वात मंगकोन स्थानक गाठावे आणि याओवारात या चिनी वस्तीच्या रस्त्यावर यावे. सोमवारी पुष्कळ गाड्या बंद असतात, एवढे लक्षात ठेवावे. इथे धूर, तेल आणि माशाचा वास दाट असतो, तो सोसत नसेल तर गल्लीच्या तोंडाशीच थांबावे. शाकाहारी माणसासाठीही खाण्याजोगे बरेच आहे. काळ्या खड्यांत भाजलेले चेस्टनट, आल्याच्या गरम पाण्यात सोडलेल्या काळ्या तिळाच्या गोळ्या आणि नारळाच्या दुधातल्या चिकट भाताबरोबर पिकलेला आंबा. हापूसचा अभिमान बाजूला ठेवून तो आंबा खावा.

गल्लीला ‘सोय’ म्हणतात. मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला विषम क्रमांकाच्या आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांकाच्या गल्ल्या असतात, पण ३१ च्या समोर ३२ असेलच असे नाही. पत्ता शोधताना हे ठाऊक नसले, तर उगाच पायपीट होते. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने धावतात, तरीही पांढऱ्या पट्ट्यांवर गाड्या थांबतील असे समजू नये. पादचारी पूल असेल तर तोच वापरावा. मे ते ऑक्टोबर या काळात संध्याकाळी एकाएकी मुसळधार पाऊस येतो. तो बहुधा तासाभरात ओसरतो, म्हणून भिजत न पळता छपराखाली उभे राहावे. टुकटुकचे भाडे बसण्याआधी ठरवावे. थकवा असेल तर सरळ मोबाइलवरून गाडी मागवावी.

झोपण्यापूर्वी

नऊच्या सुमारास खोलीवर यावे. इतके फिरूनही तिकिटे, प्रवास आणि साधे जेवण मिळून माणशी १२०० ते १५०० बाथमध्ये दिवस निभतो, मालिश वेगळी. दुकानातून दही, केळी आणि पाण्याच्या दोन बाटल्या आणून ठेवाव्यात. दह्यावर २५६९ असे साल दिसले तर गोंधळू नये. थायलंडमध्ये बौद्ध संवत चालते आणि ते इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे असते, म्हणजे ते साल २०२६ आहे.

घामाचे कपडे धुऊन वाळत घालावेत. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पायजमा खुर्चीवर काढून ठेवावा, पासपोर्ट त्याच पिशवीत टाकावा आणि सकाळी साडेसहाचा गजर लावावा. ग्रँड पॅलेसचे दार साडेआठला उघडते. सव्वाआठला ना फ्रा लान रस्त्यावरच्या फाटकाशी पोहोचलेला माणूस आतल्या ‘पाचूचा बुद्ध’ या मूर्तीपाशी आणि रामकियनच्या भित्तिचित्रांच्या लांब ओवरीत, दहाचे ऊन चढायच्या आत, निवांत उभा राहू शकतो.